नाळेतील पेशी आणि यकृताची कृती

नाळेतील रक्तवाहिन्यांभोवती जो बुळबुळीत पण चिवट थर असतो, त्याचे वर्णन इंग्रज शरीररचनातज्ज्ञ थॉमस व्हार्टन याने 1656 मध्ये केले आणि त्यामुळे तो ‘व्हार्टनची जेली’ म्हणून ओळखला जातो. त्यातील मूलपेशी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींचे रूप घेऊ शकणाऱ्या पेशी, काढून वाढवणे आता नित्याचे झाले आहे. त्यांना यकृतपेशींसारखे बनवण्याच्या प्रचलित कृतीत मात्र एक घटक असा आहे, की ज्याचा उगम यकृताच्या नव्हे, तर कर्करोगाच्या अभ्यासात आहे.

कृतीच्या पहिल्या टप्प्यात ‘हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर’ हे वाढीस चालना देणारे प्रथिन असते आणि त्याची वंशावळ सरळ आहे: यकृताचा मोठा भाग कापला तरी उरलेला भाग वाढतो, ती वाढ कशामुळे होते याच्या शोधात ते सापडले. दुसऱ्या टप्प्यातील ऑन्कोस्टॅटिन-एम 1986 मध्ये पुढे आले ते मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखणारे प्रथिन म्हणून, आणि तेही लिम्फोमाच्या, म्हणजे दुसऱ्या एका कर्करोगाच्या, पेशींनी स्रवलेले. ते यकृताकडे वळले 1999 मध्ये. गर्भावस्थेत रक्तनिर्मिती काही काळ यकृतात चालते. तेथील रक्तपेशीच हे प्रथिन स्रवतात आणि त्यामुळे शेजारच्या कोवळ्या यकृतपेशी प्रौढ होतात, असे तोक्योतील अत्सुशी मियाजिमा यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. प्रौढ यकृतात रक्तनिर्मितीस पूर्वीसारखा आधार उरत नाही, म्हणजे भाडेकरूनेच घर नीटनेटके करून आपली हकालपट्टी ओढवून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. 2004 मध्ये तैवानमधील संशोधकांनी अस्थिमज्जेतील आणि नाळेच्या रक्तातील मूलपेशींवर वापरलेल्या दोन टप्प्यांच्या कृतीत हेच प्रथिन दिसते.

या कुळकथेचा आरंभ 1999–2000 मधील अस्थिमज्जेच्या प्रयोगांत मानण्याचा प्रघात आहे. पुरुषाची मज्जा दिलेल्या स्त्रियांच्या यकृतपेशींत वाय गुणसूत्र आढळले, तेव्हा मज्जेतील पेशी यकृतपेशी बनतात असा डंका पिटला गेला. पण 2003 मध्ये उंदरांवरील दोन अभ्यासांनी दाखवले, की त्या उंदरांत नव्या दिसणाऱ्या यकृतपेशी मुख्यतः मज्जेतून आलेली पेशी यकृतपेशीत विलीन होऊन झाल्या होत्या. मज्जेच्या प्रयोगांनी उत्साह पुरवला, कृती मात्र गर्भाच्या यकृताने पुरवली, असेच म्हणणे रास्त ठरते.

नाळेतील शीर गर्भाच्या यकृताकडे जाते, म्हणून नाळेच्या पेशींना यकृताची मुळातच ओढ असावी, हा तर्क मोहक असला तरी लंगडा आहे. कारण यकृतपेशी भ्रूणाच्या अंतःस्तरातून घडतात, तर व्हार्टनच्या जेलीतील पेशी मध्यस्तरीय कुळातल्या आहेत. संवर्धनाच्या बशीत लांबट पेशी बहुकोनी होतात, ग्लायकोजेन साठवून विशिष्ट रंगद्रव्याने किरमिजी दिसतात, अल्ब्युमिन आणि युरियाही तयार करतात. तथापि बेल्जियममधील 2008 च्या एका अभ्यासात यकृताच्या काही खुणा या पेशींत कृतीपूर्वीच आढळल्या. त्यामुळे कृतीविना वाढवलेल्या त्याच पेशींचे मोजमाप शेजारी मांडलेले नसेल, तर केवळ अल्ब्युमिनच्या आधारे केलेला रूपांतराचा दावा मान्य करता येत नाही.