पळस

(सं. पलाश, किंशुक, हिं. ढाक, टेसू, गु. खाखरो, लॅ. ब्यूटिया मोनोस्पर्मा, कुल–लेग्युमिनोजी, उपकुल–पॅपिलिऑनेटी). शिंबावंत वनस्पतींच्या ब्यूटिया प्रजातीतील हा मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष भारतात बहुतेक सर्वत्र आढळतो. पाने संयुक्त व त्रिदली असून ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण त्यावरूनच रूढ झाली आहे. वृक्ष पर्णहीन असताना, वसंताच्या सुमारास, नारिंगी फुले येतात. शिंबा चपटी व एकबीजी असते. प्रजातीचे नाव ब्रिटिश पंतप्रधान (१७६२–६३) व वनस्पतिविज्ञानाचे आश्रयदाते अर्ल ऑफ ब्यूट यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. बंगालमधील पलाशी (प्लासी, लढाई १७५७) या गावाचे नाव याच वृक्षावरून पडले, असे मानतात.

वैदिक काळापासून पळसाच्या समिधा यज्ञात वापरल्या जात. मनुस्मृतीत ब्राह्मण बटूसाठी बेलाचा किंवा पळसाचा दंड सांगितला आहे. पानांच्या पत्रावळी व द्रोण, मुळांच्या सालीचे दोर, फुलांपासून होळीचा पिवळा-केशरी रंग, कृमिनाशक बी व स्तंभक डिंक (बंगाल किनो) हे त्याचे परंपरागत उपयोग होत. लाकूड पाण्यात टिकत असल्याने ते विहिरीच्या कामी वापरीत.

पळस हा लाखेच्या किड्याचा एक प्रमुख आश्रयवृक्ष आहे. लाखेपासून बनविलेले शेलॅक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ध्वनिमुद्रिकांसाठी जगभर वापरले जाई. लाखेच्या संशोधनासाठी १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे संस्था स्थापन झाली. पुढे १९४८ मध्ये व्हिनिलच्या दीर्घवादन तबकड्या आल्या व शेलॅकची ही बाजारपेठ ओसरली. होळीच्या रंगाची जागाही कृत्रिम रंगांनी बऱ्याच अंशी घेतली.

या बदलांचा भार मुख्यतः लाख, पाने व फुले गोळा करणाऱ्या वनवासी कुटुंबांवर पडला. वृक्ष रानात असला, तरी त्याच्या उत्पन्नावरील त्यांचा हक्क दीर्घकाळ वनखात्याच्या परवानगीवर अवलंबून होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने लाखेसह गौण वनोपजावर त्यांची मालकी मान्य केली. त्यामुळे पळसाचे जतन हा केवळ वनसंरक्षणाचा प्रश्न राहिला नसून त्यावर जगणाऱ्यांच्या उपजीविकेचाही तो प्रश्न आहे.