किल्लेकोट नसलेला पट

बगदाद, 905च्या आसपास. खलिफा अल-मुक्तफीचा दरबार. तुमच्यासमोर बसलाय अस-सूली, खलिफाच्या लाडक्या बुद्धिबळपटू अल-मावर्दीला हरवून त्याची जागा पटकावणारा. मध्ये पट अंथरलेला आहे, पण काळी-पांढरी घरं नाहीत, नुसत्या रेघा.

सवयीनं तुम्ही राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवता. सूली ते उचलून एक घर मागे ठेवतो. बरं, मग वजीर काढू म्हणता, तर तोही तिरपा एकच घर चालतो! त्याचं नाव फिर्झान, राजाच्या पदराआड वावरणारा सल्लागार. तुमच्या उंटाच्या जागी इथे हत्ती आहे, फील. तो तिरपी दोन घरांची उडी मारतो, मधल्या मोहऱ्यावरूनसुद्धा. पण त्यामुळेच 64 पैकी जेमतेम 8 घरं त्याच्या वाट्याला येतात. तुमचा हत्ती कोपऱ्यात रुख होऊन उभा आहे, आणि पटावरचा खरा दांडगा तोच. ओळखीचा म्हणावा असा घोडा तेवढा.

राजाला किल्लेकोटात न्यायला हात पुढे करता आणि सूलीला हसू फुटतं. तशी चालच नाही. खरं तर तिची गरजही नाही: लांबून झडप घालणारा वजीर नसेल, तर राजाला लपायची घाई कशाला? सावध मात्र राहा. मोहरे संपून तुमचा राजा एकटा उरला, तर बरोबरी मागता येणार नाही. एकटा राजा म्हणजे हार.

आता वॅलेन्सिया, 1475चा सुमार. कास्तेल्वी आणि विन्योलेस हे कवी डाव मांडून बसलेत, फेनोयार नियम सांगतोय. 64 कडव्यांच्या त्यांच्या कवितेत हा डाव टिकून राहणार आहे. जुना सल्लागार इथे राणी झालाय आणि ती पट आडवा-उभा-तिरपा कापत सुटलीय. आता राजाला आडोसा हवाच. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत हळूहळू किल्लेकोट बसतो, तो तिच्याच धाकानं, असं माझं मत. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची सूट युरोपनं आधीच दिली होती. ती वापरून शेजारच्या प्याद्याला चुकवून कुणी सटकू नये म्हणून आँ पासाँ, म्हणजे तसं प्यादं जाता जाता मारायची मुभा. इटलीतले लोक मात्र एकोणिसावं शतक सरत येईपर्यंत हा नियम मानायला तयार नव्हते.

शेवटी रॅम्सगेट, 1929. पंजाबातून त्याच वर्षी आलेला मीर सुलतान खान ब्रिटिश अजिंक्यपद जिंकतो. तो वाढला देशी पद्धतीवर: प्यादं एकच घर चालणार, आणि पलीकडे पोचलं की त्या घराच्या मूळ मोहऱ्याची बढती घेणार. किल्लेकोट त्याला नव्यानं शिकावा लागला. भेटलाच तर त्याच्याकडून राजाची घोडउडी शिकून घ्या, डावात एकदाच मिळणारी. किल्लेकोटापेक्षा मला ती जास्त रुबाबदार वाटते. अट एवढीच, की त्याआधी राजाला शह बसलेला नसावा.