लोह आणि रक्तशर्करा

शरीरातील लोहसाठा आणि रक्तातील साखरेचे नियमन यांचा परस्परांशी संबंध आहे. प्रौढाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. आतड्यातून रोज १-२ मिलिग्रॅमच शोषले जाते, पण जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. सारी मदार शोषणाला आवर घालणाऱ्या हेप्सिडिन या यकृतातील संप्रेरकावर असते. ते कमी पडले की लोह यकृत, हृदय आणि स्वादुपिंडात साचते. इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींची प्रतिऑक्सिडीकारक यंत्रणा मुळातच दुबळी असल्याने त्या लोहाच्या माऱ्याला लवकर बळी पडतात. यकृतात साचलेले लोह इन्शुलिनचा प्रभावही घटवते.

फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये अशा एका रुग्णाचे वर्णन केले. त्वचेवरच्या काळपट-तपकिरी झाकेमुळे पुढे या विकाराला ‘कांस्य मधुमेह’ म्हणू लागले. १८८९ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी त्याला हीमोक्रोमॅटोसिस हे नाव दिले. तो आनुवंशिक असल्याचे जोसेफ शेल्डन यांनी १९३५ मध्ये मांडले. त्यामागचे एचएफई जनुक मात्र १९९६ मध्ये सापडले. त्यातील प्रमुख उत्परिवर्तन आयरिश व उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त आढळते. उपचार जुन्या वळणाचा आणि कमी खर्चाचा: ठरावीक काळाने रक्त काढणे. एका पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. जडलेला मधुमेह मात्र त्याने नेहमीच हटत नाही.

भारतात हे उत्परिवर्तन विरळ आहे. येथे लोहाचा अतिरेक प्रामुख्याने थॅलसेमियाच्या रुग्णांत दिसतो, कारण त्यांना वरचेवर रक्त चढवावे लागते आणि तेवढेच लोह पिशवीगणिक शरीरात येते. डेफेरासिरॉक्ससारखी लोह काढणारी औषधे वेळेवर न मिळाल्यास मधुमेह उद्भवू शकतो.

उलट बाजू लोहाच्या कमतरतेची. आपल्याकडे तीच अधिक लक्षात घ्यायला हवी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याचे एक मोठे कारण लोहाचा अभाव. अशा रुग्णांत ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून ओळखली जाणारी एचबीएवनसी चाचणी प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवू शकते. मधुमेहाची रेषा ६.५ टक्क्यांवर असताना थोड्याशा फरकानेही निदान चुकू शकते. म्हणून उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखरही पाहतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर एचबीएवनसीचा आकडा उतरला, तर त्याचे श्रेय लगेच मधुमेहाच्या औषधाला देऊ नये.