नागावचे छप्पर आणि सावडीचे हात

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु कोकण किनाऱ्यावरील एखाद्या वृद्ध गृहस्थास विचारले, तर तो म्हणेल की, घर एकदाच बांधावे लागते, छप्पर मात्र दरवर्षी बांधावे लागते. खांब पणजोबांनी उभे केले, भिंती आजोबांनी घातल्या, असे पुष्कळांस सांगता येते. डोक्यावरील छपराविषयी मात्र तसे कोणासच सांगता येत नाही. ते प्रत्येक पिढीने, किंबहुना प्रत्येक उन्हाळ्याने, पुनः घातलेले असते. आणि ते एकट्या घरधन्याने घातले, असे तर सहसा घडलेलेच नाही. अष्टागरातील नागावचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

अलिबागेहून दक्षिणेकडे निघाले म्हणजे प्रथम आक्षी, मग नागाव आणि त्यापुढे चौल-रेवदंडा अशी समुद्राच्या काठाने गावे लागतात. आक्षीचा जुना मराठी शिलालेख आणि नागावच्या भीमेश्वर मंदिराजवळील चौदाव्या शतकातील शिलालेख हे या भूमीच्या प्राचीन वस्तीचे साक्षीदार होत. आगर म्हणजे बाग, आणि येथील माणूस खरोखरच बागेत राहतो. नारळी-पोफळींच्या दाट वाडीत मध्यभागी घर, पुढे ओटी, बाजूस पडवी आणि या सर्वांवर उतरत्या पाख्यांचे, वळचणीपाशी माणसाच्या डोक्याला टेकेल इतके खाली आलेले छप्पर. हा आकार काही हौसेने आलेला नाही. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच पडतो. पाणी छपरावर क्षणभरही थांबू नये आणि भिंतीला स्पर्शू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

आरंभी सामान्य माणसाच्या घरावर गवताचा पेंढा किंवा नारळीच्या झावळ्यांची विणलेली झापे असत. ती एक-दोन पावसाळ्यांत कुजत. म्हणून शाकारणी हे वर्षाचे ठरलेले काम होते. ज्यांस ऐपत असे त्यांनी कुंभाराकडून नळीची कौले करून घ्यावीत. कुंभार चाकावर एका टोकास निमुळती अशी मातीची नळी ओढी, ओली असतानाच तिचे उभे दोन भाग करी आणि ते भट्टीत भाजी. एक ओळ उताणी आणि तिच्या सांध्यांवर दुसरी पालथी, अशी ती रचली जात. खिळा नाही, चुना नाही. केवळ एकमेकांच्या आधाराने राहिलेली अशी ही कौले. वाऱ्याने ती सरकत, माकडांच्या उड्यांनी फुटत. म्हणून दर वैशाखात ती सगळी उतरवून, झाडून, फुटकी वगळून पुनः बसवावी लागत. यालाच कौले चाळणे म्हणतात.

हे काम एकट्याचे नव्हे. एकजण पाख्यावर, दुसरा शिडीवर, तिसरा अंगणात आणि कौले निवडून देणारी घरातील माणसे, अशी साखळी जमल्याशिवाय ते होत नाही. आणि वळीव केव्हा कोसळेल याचा नेम नसल्यामुळे उघडे पाखे सूर्यास्तापूर्वी झाकलेच पाहिजे. येथेच सावडीचा उपयोग होई. आज तुमच्या घरी दहाजणांनी यावे, उद्या तुम्ही त्यांच्या घरी जावे. मजुरी नाही, दुपारचे जेवण तेवढे यजमानाकडे. सावड म्हणजे धर्मादाय नव्हे. तिचा हिशेब कागदावर नसला तरी गावाच्या स्मरणात पक्का असे. जो दुसऱ्याच्या पाख्यावर चढला नाही, त्याच्या अंगणात पुढच्या वर्षी गर्दी होत नसे.

याचा अर्थ जुन्या काळाचे चित्र सर्वस्वी सोज्वळ होते, असा मात्र करू नये. सावड बरोबरीच्या माणसांत चाले. वाड्यावर कौले चाळावयास जाणारा पुष्कळदा आपखुशीने गेलेला नसे. तो हुकुमाने किंवा कर्जाच्या ओझ्याने जाई, आणि त्याच्या झोपडीवर पेंढा चढविण्यास वाड्यातून कोणी येत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामात मोठा पालट झाला. फ्रान्समधील आल्सास प्रांतात गिलार्दोनी नामक बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या चपट्या कौलाचा शोध लावला होता. १८६५ मध्ये बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने मंगळुरास त्याच धर्तीचा कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती उत्तम, आणि गलबतांची वाहतूक स्वस्त. त्यामुळे ‘मंगलोरी’ कौले मुंबईपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. सुमारे अडीच किलो वजनाचे हे कौल मागील खोबणीने रिपेला धरून राहते आणि शेजारच्या कौलात गुंतते. त्यास दरवर्षी चाळावे लागत नाही. पाख्याखालचे लाकूड तेवढे सरळ आणि मापात हवे. म्हणून कुंभाराची जागा सुताराने घेतली. घरधन्याचे कष्ट वाचले हे खरे, पण त्याबरोबरच दर वैशाखात शेजाऱ्याच्या पाख्यावर चढण्याचे कारणही कमी झाले. पुढे पत्रे आले, सिमेंटची स्लॅब आली, आणि ते कारण उरलेच नाही. मुले नोकरीसाठी मुंबईस गेली. कित्येक घरे गणपतीपुरती उघडू लागली. अशा बंद घरात एक कौल फुटले तर ते कोणाच्या ध्यानात येत नाही. तेथून पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर आणि वाशातून तुळईत मुरते. आठ आण्यांच्या कौलाकडे दुर्लक्ष झाल्याने शंभर वर्षांचे घर बसते, ते असे.

३ जून २०२० रोजी या इतिहासाची परीक्षा झाली. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पोफळी आणि नारळी मुळासकट उन्मळून घरांवर पडल्या. आढ्यावरील कोन्यांपासून वळचणीपर्यंत कौलांच्या ओळी उधळल्या. विजेचे खांब आडवे झाले. करोनाच्या साथीमुळे संचारावर निर्बंध होते, त्यामुळे बाहेरगावचा कारागीर सहजी मिळणे शक्य नव्हते. आणि १४ जून रोजी मोसमी पाऊस मुंबईस पोहोचल्याचे जाहीर झाले. म्हणजे छप्पर गेले त्या दिवसापासून पावसाळा दारात येईपर्यंत अवघे अकरा दिवस.

या अकरा दिवसांत पैसा असलेल्यासही पैशाने सारे काही मिळेना. अशा वेळी जुनाच उपाय हाताशी आला. शेजारी, इष्टमित्र, वाडीतील तरुण पोरे एकत्र जमली. प्रथम कोसळलेली झाडे करवतीने तोडून बाजूस करावयाची. मग वासे तपासावयाचे. मोडलेल्या वाशाच्या जागी मिळेल ते लाकूड, प्रसंगी वाडीतच पडलेल्या पोफळीची चीर, ठोकावयाची. नंतर अंगणातून शाबूत कौले वेचून वळचणीपासून आढ्याकडे ओळीने चढवीत जावयाचे. आणि कौले पुरली नाहीत तेथे ताडपत्री ओढून दगडांनी दाबावयाची. पत्रा उडाला तो अखंडच उडाला आणि बहुधा वाकडातिकडा होऊनच सापडला. कौले सुटी-सुटी पडली; काही फुटली, पण जी वाचली ती पुनः हातांनी बसविता आली. मात्र त्यासाठी हात हवे होते.

यावरून पत्रा वाईट आणि कौल चांगले, असा सोपा निष्कर्ष काढू नये. वादळानंतर अनेकांनी कौले सोडून पत्रेच घातले, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. जुन्या मापाचे कौल शोधूनही मिळत नाही. पाख्यावर निर्भयपणे चालणारा कसबी माणूस तर त्याहून दुर्मिळ. घर टिकावे अशी इच्छा असणारे पुष्कळ आहेत. त्यासाठी वैशाखातील दोन दिवस गावी येऊन शिडी धरणारे किती, हा खरा प्रश्न आहे.

‘गाव करी ते राव न करी’ असे आपले वाडवडील म्हणत आले. जुन्या घराचा इतिहास लिहिताना आपण ते कोणी बांधले एवढे नाव नोंदवितो. त्या घरावर दर उन्हाळ्यात चढून ज्यांनी ते पावसापासून राखले, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. तरीही पहिल्या पावसात ओटीवर बसून पागोळ्या पाहणाऱ्या नागावकरास ती नावे पाठ असत. ज्या घरधन्यास ती आजही पाठ आहेत, त्याच्या छपराची फारशी काळजी करावयास नको.