जुनीं पुस्तकें आणि त्यांचे धनी

चौसाळ्यासारख्या गांवीं कोणी ‘श्यामची आई’ स्नेह्याच्या फोनवर धाडूं लागला, कीं त्याला शंका येते : हा ग्रंथस्वामित्वाचा भंग तर नव्हे? शंका रास्त आहे. तिचें उत्तर मात्र कायद्याच्या इतिहासांत शोधावें लागतें.

ग्रंथस्वामित्वाचा कायदा आपल्याकडे कंपनी सरकारनें १८४७ सालीं प्रथम केला. पुढें १९१४ च्या कायद्यानें लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षें ही मुदत ठरली. चौसाळा तेव्हां निजामाच्या राज्यांत; इंग्रजी मुलखाचा कायदा तेथें आपोआप चालत नसे. १९५७ च्या कायद्यानेंही ५० वर्षेंच राखलीं. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर सरणार, तोंच सरकारनें ५० चीं ६० केलीं. एका महाकवीसाठीं सगळ्या भाषांच्या वाचकांना दहा वर्षें तिष्ठत ठेवणें मला तरी न्यायाचें वाटत नाहीं.

मुदत मोजावयाची ती लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून. हरि नारायण आपटे १९१९ मध्यें वारले. त्यांच्या कादंबऱ्या जुन्याच नियमानें १९७० पासून मोकळ्या आहेत. त्यांच्या नव्या आवृत्तीवर ‘सर्व हक्क स्वाधीन’ असें छापलेलें असलें, तरी तो हक्क फार तर नव्या प्रस्तावनेपुरता व टीपांपुरता. साने गुरुजी ११ जून १९५० रोजीं गेले. जुना नियम राहता तर त्यांचीं पुस्तकें २००१ च्या आरंभीं सर्वांचीं झालीं असतीं. प्रत्यक्षांत तीं १ जानेवारी २०११ रोजीं झालीं.

खरा घोटाळा यापुढें आहे. अमेरिकेनें १९९६ पासून परदेशी ग्रंथांना, मूळ देशांत त्यांचा हक्क जिवंत असल्यास, आपल्याकडे पूर्ण संरक्षण दिलें. ‘श्यामची आई’ १९३५ सालची. १९९६ मध्यें भारतांत तिचा हक्क चालूच होता. सबब तेथें प्रसिद्धीपासून ९५ वर्षें, म्हणजे २०३० अखेरपर्यंत, ती बांधलेली आहे. हा नियम पाळणाऱ्या अमेरिकेंतील संग्रहांत ती ठेवतां येत नाहीं. आणि तेथें ती नाहीं असें पाहून इकडचा वाचक समजतो, कीं आपल्याकडेही ती वर्ज्यच असावी! पुण्यांत, बीडांत किंवा चौसाळ्यांत तसें कांहीं नाहीं.

याच जिल्ह्यांत आंबेजोगाईस मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाध्या आहेत. त्यांच्या ओव्यांवर कोणाचाच हक्क नाहीं. मात्र हल्लींच्या संपादकानें स्वतः लिहिलेला अर्थ व टीपा त्याच्या आहेत. पोथी पुढें धाडणारानें तेवढीं पानें वगळावीं.