छावणीचे पाणी

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना एक प्रश्न हमखास विचारला जातो. उर्दू म्हणजे नेमके काय? विचारणाऱ्याला बहुधा धर्माचे किंवा पाकिस्तानचे उत्तर अपेक्षित असते. उत्तर साधे आहे. उर्दू म्हणजे छावणी. मूळ तुर्की शब्द ‘ओर्दू’, त्याचा अर्थ लष्कराचा तळ. बादशहाच्या तळाला ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणत. भाषेचे नाव म्हणून हा शब्द रुळला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी हिंदवी, रेख्ता, दखनी अशी नावे चालत होती. म्हणजे ज्या भाषेत आम्ही रोज पाढे आणि कविता शिकवतो, तिचे नाव एका मुक्कामाच्या जागेवरून आले आहे.

असे असूनही या मुक्कामाच्या जागेविषयी आमच्या पाठ्यपुस्तकांत काही सापडत नाही. लढाई कोठे झाली, कोण जिंकले, तह कधी झाला, हे सारे असते. पण लढाईच्या आदल्या रात्री लाखभर माणसे आणि जनावरे कोठे झोपली, कोणाच्या ओढ्याचे पाणी प्याली, ती जागा कोणी निवडली आणि का निवडली, हे कोणी सांगत नाही. आम्हांला वाटते, राज्ये जशी तलवारीने मिळाली तशी पुष्कळदा पाण्याजवळच्या चांगल्या-वाईट जागेने मिळाली किंवा गेली.

बद्रचा प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे. इ. स. ६२४. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी एका विहिरीजवळ मुक्काम केला. तेव्हा हुबाब इब्न मुंजिर या सहाबींनी विचारले, ही जागा ईश्वरी आदेशाने ठरली आहे की हे आपले मत आणि युद्धाची युक्ती आहे? युक्ती आहे असे उत्तर मिळताच त्यांनी सुचवले की पुढे सरकून शत्रूच्या सर्वांत जवळच्या पाण्यावर उतरावे, हौद बांधून पाणी भरून घ्यावे आणि बाकीच्या विहिरी बुजवाव्यात. सल्ला मानला गेला, तळ हलला. इब्न हिशामच्या चरित्रग्रंथात हा प्रसंग आला आहे. आमच्याकडे वाज़मध्ये बद्रच्या फरिश्त्यांवर तासभर बोलले जाते आणि हुबाब यांचा प्रश्न दोन वाक्यांत उरकला जातो. आम्हांला मात्र तो प्रश्न फार मोठा वाटतो. पाण्याची माहिती असलेल्या माणसाने बोलावे आणि सर्वोच्च नेत्याने ते ऐकावे, ही त्यातली बाब आहे.

हिंदुस्थानात मुक्कामाची जागा निवडण्याचे शास्त्रच मोगलांनी उभे केले. या कामावरचा अधिकारी ‘मीर-मंजिल’. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एका संचात बादशहा राहत असताना दुसरा, म्हणजे ‘पेशखाना’, एक मजल पुढे जाऊन उभा राही. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या एका तळाचा सरंजाम मोजून दिला आहे : वाहतुकीसाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या, कामाला १००० फर्राश, ५०० बेलदार, १०० सक्के म्हणजे पाणके, ५० सुतार, ३० चर्मकार आणि १५० झाडूवाले. हा फक्त शाही डेऱ्यांचा हिशोब. फौज आणि बाजार वेगळे. त्याच ग्रंथात आबदारखान्याचे वर्णन आहे. अकबर गंगेचे पाणी पीत असे; आग्रा-फतेहपुरात असताना ते सोरोंहून येई, पंजाबात असताना हरिद्वारहून. आणि प्रवासात किंवा शिकारीवर निघाला की पाण्याची चव पारखणारी अनुभवी माणसे तो सोबत नेमत असे. पाणी चाखून मत देणे हा ज्यांचा पेशा होता, अशा माणसांचे एकही नाव इतिहासाने ठेवलेले नाही.

पुढे १६६४च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मीरला निघाला तेव्हा फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य त्या लवाजम्यात होता. त्याची पत्रे वाचताना छावणी डोळ्यांपुढे उभी राहते. संध्याकाळी ओली लाकडे आणि शेण यांच्या चुलींचा एवढा धूर कोंडे की माणूस स्वतःचा तंबू शोधत भटके. मग शाही डेऱ्यापुढच्या उंच खांबावरचा ‘आकाशदिया’ पाहून दिशा ठरवायची. पीर पंजालच्या घाटात त्याने एक मोठा धबधबा पाहिला. तो बघत बसता यावे म्हणून जहांगीराने शेजारचा खडक सपाट करून घेतला होता, असे तो लिहितो. जहांगीराला मुक्कामाची जागा निवडण्याची खरी दृष्टी होती. झरे, तलाव, धबधबे यांच्यापाशी त्याचे मन रमे. पण बर्निएच त्याच घाटातली दुसरी गोष्टही सांगतो. एक हत्ती बिचकून मागे सरला आणि एकामागून एक पंधरा हत्ती दरीत कोसळले. त्यांवर जनान्यातल्या स्त्रिया होत्या. काश्मीरच्या सौंदर्यावर लिहिणारे ही ओळ सहसा गाळतात.

जागा चुकली तर काय होते, हे हुमायूनला विचारावे. १५३९ साली चौसा येथे गंगा आणि कर्मनाशा यांच्या बेचक्यात त्याचा तळ महिनोन् महिने पडून होता. पहाटे शेरखान चालून आला आणि पळायला वाट राहिली ती फक्त गंगेची. निजाम नावाच्या भिश्त्याने आपल्या मशकीवर बादशहाला तारून नेले, ही कथा सर्वांना माहीत आहे. वर्षभराने कनोजला जे घडले ते मात्र कमी सांगितले जाते. गंगा ओलांडून तळ दिला तो सखल जागेत. मे महिना असूनही पाऊस कोसळला, तंबूंत पाणी शिरले. म्हणून १७ मे १५४० रोजी फौज उंचवट्यावर हलवायला काढली आणि ती हलत असतानाच शेरशहाने गाठले. त्या लढाईत स्वतः असलेला मिर्झा हैदर दुघलात खेदाने नमूद करतो की तोफ डागायची वेळच आली नाही. पंधरा वर्षांचा वनवास हुमायूनच्या वाट्याला आला. त्याची इतर कारणे आहेतच, भावांचे बेबनाव आहेत, अफू आहे. पण त्या दिवशीचे कारण सखल जमीन हेच होते.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. आमच्या मते छावणी आणि पाणी यांचा सर्वांत मोठा धडा दख्खनमध्येच आहे, आणि तो आपल्याला सर्वांत अवघड जातो. औरंगजेबाचे नाव निघाले की आपल्याकडे एकतर बचाव सुरू होतो किंवा मान खाली जाते. आम्हांला दोन्ही नको वाटते. १६८१च्या अखेरीस तो बुऱ्हाणपुरात आला, १६८२च्या मार्चमध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर), आणि १७०७ मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मरण पावेपर्यंत दख्खनमधून परत गेला नाही. पंचवीस वर्षे. या काळातली त्याची राजधानी म्हणजे एक फिरता तळ होता, आणि तो बहुतांशी भीमा आणि कृष्णा यांच्या खोऱ्यांतच फिरला. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना हाल करून ठार मारले तेव्हाचा मुक्कामही भीमेकाठचा, तुळापूर-कोरेगाव परिसरातला. नदीकाठच्या या तळांचा इतिहास सांगताना ते झाकून पुढे जाता येत नाही.

१६९५च्या मार्चमध्ये जेमेली करेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठच्या गलगली येथे या छावणीत आला. त्याने नोंदवलेले आकडे असे : साठ हजार घोडदळ, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती, बाजार अडीचशे, एकूण माणसे पाच लाख. हे ऐकीव आकडे आहेत, त्यांत फुगवटा असणारच. तरी गणिताच्या तासाला करावे तसे एक उदाहरण करून पाहू. घोडा दिवसाला पंचवीस लिटर तरी पाणी पितो. साठ हजार घोडे म्हणजे पंधरा लाख लिटर. हत्ती शंभर लिटरला ऐकत नाही; तीन हजार हत्तींचे तीन लाख लिटर. उंट, बैल, माणसे, स्वयंपाक, वुजू आणि गुसल अजून धरलेच नाहीत. आकडे निम्मे केले तरी उन्हाळ्यातली नदी या तळाला किती दिवस पुरेल? आणि तळाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गावाने काय प्यावे? बखरी आणि तवारिखा त्या गावाची बाजू सांगत नाहीत. शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेले पत्र याच कारणासाठी आम्हांला मोलाचे वाटते. दाणा-वैरण जपून वापरा, ती संपली की तुम्ही रयतेकडे हात घालाल, मग रयत म्हणेल याहून मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. छावणीकडे गावाच्या बाजूने पाहणारी अशी कागदपत्रे त्या काळात फार थोडी.

१६९५च्या मे महिन्यात औरंगजेबाने मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरी येथे तळ दिला आणि १६९९च्या ऑक्टोबरपर्यंत तेथे राहिला. गावाला त्याने इस्लामपुरी हे नाव दिले. बारमाही नदी, मोकळे माळ, जवळच माचणूरचा किल्ला. जागा म्हणून निवड चांगली होती. पण चांगल्या नदीलाही पावसाळा असतो. भीमेच्या पुराने या तळालाही तडाखा दिलाच. साडेचार वर्षांनी मातीची तटबंदी घालून कुटुंबकबिला आणि जड सामान वजीर असदखानाच्या हवाली केले आणि ऐंशी ओलांडलेला बादशहा स्वतः किल्ले घ्यायला निघाला.

येथून पुढे मीर-मंजिलचे शास्त्र कोलमडते. सह्याद्रीत पावसाळ्यात फौज चालवू नये, हे दख्खनच्या कोणत्याही गुराख्याला कळते. १७००च्या जूनमध्ये सातारा-परळी घेऊन लष्कर भर पावसात परत फिरले. कृष्णा ओलांडताना माणसे, जनावरे गेली. ऑगस्टअखेर ते माण नदीवर खवासपूरला, आजच्या सांगोला तालुक्यात, पोचले. माण ही दुष्काळी मुलुखातली नदी. वर्षातले बरेच दिवस तिचे पात्र कोरडी वाळू असते. दमलेल्या फौजेला अशी सपाट, स्वच्छ, वाऱ्याची जागा दिसली. तळ नदीच्या दोन्ही काठांनी पसरत थेट पात्रात उतरला. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेच्या रात्री वर डोंगरांत पाऊस झाला आणि मध्यरात्री पाण्याची भिंत छावणीत घुसली. तळावर पाऊस नव्हता, त्यामुळे कोणी सावध नव्हते. तंबू, जनावरे, झोपलेली माणसे वाहून गेली. आरडाओरडा ऐकून मराठ्यांचा छापा आला असे वाटून बादशहा घाईने उठला, अडखळला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. तो पुढे कायमचा थोडा लंगडत राहिला. दरबारी म्हणाले, हा तर पूर्वज तैमूर लंगचा वारसा! खुशामतीची ही हद्द. त्या रात्री किती भिश्ती, किती फर्राश, किती मोतद्दार बुडाले, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. गुडघ्याची मात्र ठेवली.

वर पडलेला पाऊस खाली न कळणे ही काही तीनशे वर्षांपूर्वीचीच गोष्ट नव्हे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली, त्यांत लहान मुले होती. पावसाळी सहलीच्या नोटिशीवर सही करताना आम्हांला खवासपूर आठवते ते यामुळे.

खवासपूरनंतरही मोहीम थांबली नाही. १७०२ मध्ये विशाळगड घेऊन परतताना पन्हाळ्यापर्यंतची तीसेक मैलांची वाट कापायला लष्कराला पाच आठवड्यांहून अधिक लागले. ओढ्याओढ्याला फौज अडकली. दलपतराव बुंदेल्याच्या पदरी असलेला भीमसेन सक्सेना हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ. त्याने ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ या फारसी ग्रंथात छावणीतल्या माणसांची फरफट लिहून ठेवली. तंबूतच जन्मून तंबूतच म्हातारी झालेली, घर कसे असते ते न पाहिलेली पिढी त्याने पाहिली. बादशहाच्या तवारिखेपेक्षा आम्हांला हा हिंदू मुनशी अधिक जवळचा वाटतो, कारण तो डेऱ्याच्या आतून नव्हे, बाजाराच्या गल्लीतून बोलतो.

त्या गल्लीत कोण होते? मशकी-पखालींतून पाणी वाहणारे पखाली आणि भिश्ती, घोड्यांना नाल मारणारे नालबंद, हत्यारांना धार लावणारे शिकलगार, अत्तर-औषधे विकणारे आतार, पानाचे तांबोळी, फर्राश, बेलदार, बंजारे. यांतली कितीतरी नावे आज आमच्या हजेरीपटावर आहेत. नावावरून वंश सिद्ध होत नाही; यांतले अनेक धंदे गावात आधीपासून होते, आणि यांतली कोणती घराणी दिल्लीहून आली, कोणती इथलीच मातीतली, हे वेगवेगळे तपासावे लागेल. तरी आपला इतिहास विचारणाऱ्या मुलाला बादशहाकडे बोट दाखवण्यापेक्षा पखालवाल्याकडे दाखवणे आम्हांला अधिक खरे वाटते. तळाची जागा त्याने निवडली नव्हती. ती कोठेही निवडली तरी नदीपर्यंतची पायवाट पाडणारा तोच, आणि पूर आला तेव्हा पाण्याच्या सर्वांत जवळ असणाराही तोच.

इस्लामपुरी हे नाव टिकले नाही. माचणूरला भीमेच्या काठी किल्ला आहे, सिद्धेश्वराचे देऊळ आहे, आणि जवळचे गाव आजही ब्रह्मपुरीच आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की पात्रातले खडक उघडे पडतात आणि गावातली पोरे त्यांवरून उड्या मारत मध्यावर जातात.