जिओकॅशिंग (लहान मुलांसह)

उपग्रहांच्या मदतीने जागा हुडकून, कोणीतरी दडवून ठेवलेली डबी शोधण्याचा मैदानी खेळ. डबीत एक नोंदवही असते. ज्याला डबी सापडते तो वहीत नाव व तारीख लिहितो आणि डबी होती तेथेच, होती तशी झाकून ठेवतो. मोठ्या डबीत गोट्या, शिट्ट्या, बिल्ले अशा किरकोळ वस्तू असतात. त्यांतली एक घ्यायची तर त्याच मोलाची किंवा वरचढ अशी दुसरी ठेवायची, असा दंडक आहे. प्रस्तुत नोंदीत दहा वर्षांखालील मुलांना बरोबर घेऊन खेळण्याच्या प्रकाराचा विचार पेठ (जि. नाशिक) तालुक्याच्या डोंगराळ मुलखाच्या अनुषंगाने केला आहे.

इतिहास : इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमिअर पूल येथे एक बाटली ठेवली आणि तेथवर चालत येणारे लोक तीत आपली नावपत्रे टाकू लागले. या खेळाचा पूर्वज तो. अमेरिकेने आपल्या जीपीएस उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. तोवर शंभरेक मीटरपर्यंत चुकणारे यंत्र त्यानंतर दहा-वीस मीटरांच्या आत जागा दाखवू लागले. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक प्लास्टिकची बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांत ती शोधली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी अशा डब्यांची जाहीर यादी महाजालावर सुरू केली.

जवळचे खेळ : महाराष्ट्रात शोधाचे खेळ नवे नाहीत. लपंडाव आणि मामाचे पत्र घरोघरी माहीत आहेत. बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या १९०८ च्या पुस्तकातून आलेल्या मागखुणा (खडूचे बाण, गवताच्या गाठी, दगडावर दगड) या चळवळीत शिकवल्या जातात. ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झालेल्या भारत स्काउट्स आणि गाइड्समधील कब व बुलबुल ही पथके याच वयाच्या मुलांची आहेत. उपग्रह नसला तरी या खुणांवर खेळ पूर्ण होतो. अगदी लहान मुलांना तर सुरुवात येथूनच करून देणे उत्तम.

स्थाननिश्चिती : डबीची जागा अंश आणि तीन दशांशांपर्यंतच्या मिनिटांत देतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किमी, म्हणून शेवटचा आकडा एकाने बदलला की जागा उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मी. सरकते. पेठ साधारण २०° १५′ उत्तर अक्षांशावर असल्याने पूर्व-पश्चिम हेच अंतर १.७४ मी. भरते. उघड्या आकाशाखाली साधा मोबाइल पाचएक मीटरपर्यंत बरोबर असतो. सावळ घाट, कोटंबी घाट अशा ठिकाणी मात्र उंच उतार आकाशाचा मोठा तुकडा झाकतात, संकेत कड्यांवर आपटून उशिरा पोचतात आणि चूक वाढते. यंत्र शून्य अंतर दाखवते तेव्हा खरा शोध सुरू होतो. तो डोळ्यांनी करायचा असतो, आणि मुले खेळतात ती या भागासाठीच.

मुलांचा सहभाग : मोठ्यांची नजर छातीच्या उंचीवर फिरते, पाच वर्षांच्या मुलाची गुडघ्याखाली. करवंदीच्या जाळीत तळाशी सरळ ओळीत लावलेल्या चार काड्या, एकाच बाजूला शेवाळ असलेल्या दगडांत उलटा पडलेला एखादा दगड, हे मूल आधी हेरते. गुरांमागे हिंडणाऱ्या मुलांना तर वाट कोठे मळली आहे, गवत कोणत्या अंगाला झुकले आहे हे न सांगता कळते. शहरातून आलेल्या मुलांनी त्यांच्याबरोबर खेळावे. डबीची व वाटेची अवघडता एक ते पाच अशी अर्ध्या-अर्ध्या गुणाने नोंदवतात. लहानांसाठी दोन्ही दीडच्या आत हव्यात. नखाएवढी डबी निवडू नये. तीत नोंदीची सुरळी तेवढी असते, अदलाबदलीला काही नसते आणि मूल हिरमुसते. मोबाइल मुलाच्या हाती द्यावा की नाही, याबाबत एकमत नाही.

सुरक्षितता : मुलाने दगडाखाली किंवा ढोलीत प्रथम हात कधीही घालू नये. काठीने दगड आपल्यापासून दूर उलटवावा. सह्याद्रीच्या दगडाळ उतारांवर फुरसे आणि लाल विंचू दोन्ही आढळतात. लाल विंचवाचे विष हृदयावर व फुप्फुसांवर परिणाम करते आणि मुलांना त्याचा धोका मोठ्यांपेक्षा अधिक असतो. महाड परिसरात अशा रुग्णांवर वर्षानुवर्षे उपचार करणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन या दंशावर देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंश झाल्यास घाव कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष चालते, त्यामुळे साप पकडून नेण्याची गरज नसते. जून ते सप्टेंबर हा पावसाळ्याचा काळ टाळावा.

परवानगी व मर्यादा : संपूर्ण पेठ तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील (आदिवासी) क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर जगणाऱ्या समाजांना अधिकार दिले आहेत. तेव्हा डबी ठेवण्यापूर्वी गावाला विचारणे आवश्यक आहे. वनजमीन असल्यास वनखात्यालाही विचारावे. वाघदेवाचे लाकडी वा दगडी स्थान, देवराई आणि स्मशान यांच्या आसपास डबी ठेवू नये. कोकणा, महादेव कोळी, वारली यांच्या श्रद्धेच्या या जागा आहेत. उभ्या नागली-वरईच्या शेतातून वाट काढू नये. जमीन खणून डबी पुरणे खेळाच्या नियमांतच वर्ज्य आहे. दोन डब्यांत किमान १६१ मी. अंतर लागते.

साहित्य : काठी, पाणी, बंद बूट, चेनची प्लास्टिक पिशवी, पेन्सिल (शाई दमट कागदावर फुटते).